विजोड मुठी

घराची दुरुस्ती काढलेल्या माणसाला प्रथम भय वाटते ते धुळीचे, मग खर्चाचे, आणि त्यानंतर कारागिरांच्या वेळापत्रकाचे. ही तिन्ही भये रास्त आहेत आणि त्यांविषयी बोलणारेही पुष्कळ आहेत. आम्हांला बोलायचे आहे ते त्यामानाने किरकोळ गोष्टीविषयी: कपाटांच्या मुठी, बिजागऱ्या, कड्या, म्हणजे बाजारात ज्याला सरसकट 'हार्डवेअर' म्हणतात त्या सामानाविषयी. ओट्याचा दगड आणि प्लायवूड यांच्या खर्चापुढे हे सामान कोपऱ्यात उभे असते. म्हणूनच त्याचा निर्णय बहुतेक घरांत सर्वांत शेवटी आणि दमलेल्या मनाने घेतला जातो. आमच्या घरी तो सर्वांत आधी घ्यावा लागला, आणि त्याला अडीच महिने लागले.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. घरातले तिसरे माणूस म्हणजे आई. (आमच्यातला एक त्यांना एकेरीत हाक मारतो, दुसरी अहोजाहो करते, येथे बहुवचन पत्करले आहे.) आईंचे वय ऐंशीच्या पुढे आहे आणि दोन्ही डोळ्यांना काचबिंदू आहे. मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूने नेलेली नजर परत येत नाही. शिवाय तो ती बहुधा कडेकडेने नेतो. समोरचे दिसत राहते, त्यामुळे बाजूचे कधी गेले हे माणसाला कित्येक वर्षे कळतही नाही. आता आईंना समोरचेही अंधुकच दिसते. खिडकीची चौकट दिसते, माणूस आहे हे दिसते, कोण आहे ते आवाजावरून कळते. तरीही पहाटे पाच वाजता त्या स्वतः उठून चहा करतात. गॅस, आधण, साखर, चहापूड, गाळणे, सगळे हाताने. आजवर त्यांनी चहा कुणाकडे मागितलेला नाही.

पुण्यातल्या आमच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत ओट्याखालच्या कपाटांना मोरीच्या बाजूने ओल आली होती, आणि ओलीच्या मागोमाग वाळवी. लोखंडी ट्रॉल्यांची चाके गंजून बसली होती. सगळे काढून नवे करणे भाग होते. एकच वस्तू राहणार होती: भिंतीतले सागवानी फडताळ. आईंच्या सासरचा वाडा पाडला तेव्हा त्यांनी ते तेथून हट्टाने आणवले होते. त्याच्या दोन दारांना दोन पितळी मुठी आहेत. काम ठरले तेव्हा आईंनी एकच अट घातली. "काय करायचं ते करा, पण माझ्या हाताला कळलं पाहिजे."

तेव्हा प्रश्न असा होता की नव्या तेरा दारांना आणि सात खणांना जुन्या दोन मुठींशी जुळणारे काय लावावे.

या प्रश्नाचा विचार करताना एक गोष्ट ध्यानात आली. मराठी स्वयंपाकघराच्या जुन्या शब्दसंपत्तीत दार असलेल्या वस्तू फार थोड्या आहेत. शिंकाळे, उतरंड, मांडणी, कोनाडा, फळी. यांतल्या एकालाही दार नाही, म्हणून मूठही नाही. हात थेट वस्तूपाशी जातो. दार होते ते फडताळाला आणि दुधाच्या जाळीच्या कपाटाला, तेही मांजरापायी. स्वयंपाक उभ्याने होऊ लागला, ओटा आला, ओट्याखाली पोकळी आली आणि ती झाकण्यासाठी दारे आली. त्या दारांमागे काय आहे हे डोळस माणसालाही लक्षात ठेवावे लागते. म्हणजे ज्याला आपण सोय म्हणतो त्या रचनेत स्मरणशक्तीवर एक नवे ओझे पडले, आणि ते पेलायचे मुठींनी. नजर असेल तर हे जाणवत नाही, इतकेच.

पहिली फेरी अर्थातच रविवार पेठेत, बोहरी आळीत. जुन्या फडताळाची एक मूठ उतरवून रुमालात बांधून नेली होती. दुकानदाराने ती तळहातावर तोलली, नखाने खरवडली आणि "असा माल आता येत नाही" एवढे म्हणून परत दिली. मग त्याने मोजपट्टी लावली व खरी अडचण सांगितली. आमच्या मुठीच्या दोन भोकांमधले अंतर चार इंच होते. आता मिळणाऱ्या मुठींची अंतरे मिलिमीटरमध्ये ठरलेली असतात: 64, 96, 128, 160, 192. सगळे बत्तिसाच्या पाढ्यातले आकडे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात, मुख्यतः जर्मनीत, कपाटे कारखान्यात बनू लागली तेव्हा फळीला एका ओळीत भोके पाडणाऱ्या यंत्रांच्या सोयीने 32 मिलिमीटर हे अंतर प्रमाण ठरले. फळ्यांचे टेकू, बिजागऱ्या, खणांच्या पट्ट्या, सगळे त्यावर बेतले गेले आणि मुठीही त्याच पाढ्यात बसल्या. चार इंच म्हणजे 101.6 मिलिमीटर. शहाण्णवापेक्षा साडेपाच मिलिमीटरने जास्त, एकशे अठ्ठाविसापेक्षा पुष्कळ कमी. आमच्या मिस्त्रींच्या भाषेत, "दोन सुतांत मेळ गेला." एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दशमान मापांचा कायदा 1956 साली झाला, पण सुताराच्या कानामागच्या पेन्सिलीला अजून सूत आणि इंच हेच ठाऊक आहे. आमचे मिस्त्री दुकानात मिलिमीटर बोलतात आणि घरी येऊन सुतांत कापतात. या दोन भाषांमध्ये त्यांचे दिवसभर जे भाषांतर चालते ते आम्ही आदराने पाहिले.

आणखी एक फरक होता, आणि तो मापाहून महत्त्वाचा ठरला. जुन्या मुठीचे स्क्रू समोरून बसवलेले असतात. त्यांची डोकी हाताला लागतात. नव्या मुठी दाराच्या मागून बोल्टने आवळतात. समोरून काही दिसत नाही आणि काही लागतही नाही. शोरूममध्ये हा गुण म्हणून सांगतात. तेथील पोरगेल्या विक्रेत्याने तर मूठच नसलेली दारे दाखवली. दाराच्या कडेला खाच असते किंवा दार नुसते दाबले की उघडते. ओट्याला टेकून उभ्या राहणाऱ्या आणि अंदाजाने हात पुढे करणाऱ्या माणसाच्या घरी दाबले की उघडणारी दारे म्हणजे रोजचा घात होता. आम्ही आभार मानून बाहेर पडलो.

पितळेविषयीही पुष्कळ शिकायला मिळाले. दुकानात 'ब्रास अँटिक' म्हणून जे दिसते त्यातले बरेचसे जस्ताच्या मिश्रधातूचे असते; साच्यात दाबून ओतलेले आणि वरून मुलामा दिलेले. लोहचुंबक लावून काही कळत नाही, कारण पितळही त्याला चिकटत नाही आणि जस्तही नाही. कळते ते वजनावरून. त्याच आकाराची पितळी मूठ जवळपास सव्वापट जड भरते. आईंना ते तोलायचीही गरज पडली नाही. आम्ही आणलेल्या पाच नमुन्यांपैकी दोन त्यांनी बोटे फिरवून बाजूला काढले. कसे ओळखले, असे विचारले तर म्हणाल्या, "पितळेचा वास हाताला लागतो." उरलेल्या तिघांत एक अस्सल पितळी होती, पण तिच्यावर लॅकरचा थर असल्याने तिला वास नव्हता, आईंच्या लेखी ती मुकीच. अर्थात थर नसलेले पितळ काळवंडते आणि चिंचेने घासावे लागते, हा हिशेब आमच्या बाजूचा.

एव्हाना आमच्या मनात एकच शब्द घोळत होता: जोड. दुकानात सगळे 'मॅचिंग' म्हणतात, पण आम्हांला हा शब्द अधिक जवळचा, आणि थोडा विचित्रही. जोड म्हणजे सांधा, जोड म्हणजे जोडी, जोड म्हणजे साथ, आणि कुस्तीच्या फडात जोड म्हणजे चक्क प्रतिस्पर्धी. ज्याला जोड नाही तो बिनजोड, ही स्तुती. ज्याची जोड नीट नाही ते विजोड, ही निंदा, आणि ती बहुतेक वेळा नवराबायकोंच्या वाट्याला येते. एकाच शब्दाच्या नकारातून स्तुती आणि निंदा दोन्ही निघावी याचे आम्हांला कौतुक वाटत होते. पण कौतुकाने वीस मुठी मिळत नाहीत.

जुन्या मुठीची हुबेहूब नक्कल करून घ्यावी, असे मग आमच्यातल्या एकाने सुचवले. कसब्यातल्या तांबट आळीत चौकशी केली. तांबट पत्रा ठोकून घडवतात. त्यांची कला मठारकामाची, हातोडीची, आणि मूठ तर ओतीव. "हे ओताऱ्याचं काम," असे तेथे सांगण्यात आले, आणि त्या एका वाक्यात दोन धंद्यांमधली सीमा स्पष्ट झाली. पुढे ओळखीने ओळख निघत एक छोटी भट्टी सापडली. तेथल्या कारागिराने मूठ हातात घेऊन विचारले, "अगदी एवढीच पाहिजे का?" कारण मूळ मूठच वाळूत दाबून साचा केला तर निघणारी मूठ मुळाहून लहान निघते. वितळलेले पितळ थिजताना आणि थंड होताना आकसते. शंभराला साधारण दीड. चार इंचांची नक्कल दीड मिलिमीटरने तोकडी. बरोब्बर तेवढीच हवी असेल तर आधी थोडा मोठा नमुना लाकडात कोरायचा आणि त्यावरून साचा करायचा. म्हणजे नक्कल मुळाइतकी व्हायची तर मुळावरून करायची नाही. वर्गात भाषांतर हा विषय शिकवणाऱ्या माणसांना ही माहिती मिळाल्यावर काय होते हे वाचकांपैकी शिक्षकांना सांगायला नको. रिक्षात आम्ही त्यावर बराच वेळ बोलत होतो.

नमुन्यादाखल एक मूठ ओतून आणली. नक्षी उमटली होती, वजन होते, वास होता. आईंनी ती दोन्ही हातांत फिरवली, समाधानाने हसल्या, आणि विचारले, "किती करणार अशा?"

"वीस."

"मग मला कोणतं दार कुठलं ते कसं कळायचं?"

त्यानंतर त्यांनी जे सांगितले ते आम्ही पूर्वी कधी ऐकले नव्हते, कारण विचारलेच जावे असे ते नव्हते. जुन्या स्वयंपाकघरात साखरेच्या कपाटाची मूठ ढिली होती. धरली की खुळखुळायची. त्याशेजारच्या दाराच्या मुठीचा खालचा स्क्रू गळाला होता, तेथे बोट खोबणीत जायचे; तो चहाचा. डाळींचे दार चौकटीला घासायचे. वाट्यांच्या खणाला मूठच उरली नव्हती, तेथे आमच्यापैकी कुणीतरी केव्हातरी नाडी बांधली होती. गेली काही वर्षे आम्ही ज्यांना 'एकदा मिस्त्रींना बोलावून करून घेऊ' अशा कामांच्या यादीत टाकत होतो, त्या त्यांच्या खुणा होत्या. नजर मावळत गेली तसतशा त्या या बिघाडांवर टेकत गेल्या. नवे स्वयंपाकघर म्हणजे यांतला एकेक बिघाड दूर करणे. वीस दारे सरळ, वीस मुठी घट्ट, वीसही सारख्या. डोळ्यांना ती जुळलेली दिसली असती, आणि हाताला कोरा कागद.

या ठिकाणी आम्हां दोघांत मतभेद झाला आणि तो आठवडाभर टिकला. एकीचे म्हणणे असे की आईंच्या हाताला हवे तसेच करावे, ढिली मूठ हवी तर ढिली लावावी, नाडी हवी तर नाडी. दुसऱ्याचे म्हणणे असे की डोळे असलेली दोन माणसेही या घरात राहतात आणि त्यांनी भंगाराच्या दुकानात राहतो असे वाटून घेण्याचे कारण नाही. वाद काव्यशास्त्रापर्यंत गेला, जसे आमच्या घरी होते. मराठीत यमक म्हटले की चरणान्तीचा नादमेळ आठवतो. संस्कृत काव्यशास्त्रातल्या यमकाची अट त्याहून कडक आहे. तेच वर्ण त्याच क्रमाने पुन्हा आले पाहिजेत, आणि ते सार्थ असतील तर अर्थ मात्र वेगळा हवा. अर्थही तोच असेल तर ते यमक नव्हे, नुसती पुनरुक्ती. एकाने हे उदाहरण स्वतःच्या बाजूने दिले, दुसरीने ते तत्काळ आपल्या बाजूला वळवले. वीस सारख्या मुठी म्हणजे पुनरुक्तीच की!

तोडगा पुस्तकातून निघाला नाही, यादीतून निघाला. आईंना बसवून विचारले, हात कुठे जातो, कोणत्या क्रमाने, कोणत्या हाताने. ज्या पाच जागा त्यांना पहाटे लागतात त्या वेगळ्या काढल्या. त्या पाचांना पाच आकार: चहाला गोल नॉब, साखरेला उभी नक्षीची मूठ (ओतून आणलेली, तोकडी, तीच), दुधाच्या पातेल्यांच्या खणाला शिंपल्यासारखी, बोटे खालून आत घालायची, कपबशांना पाडाची कडी, जी सोडली की टक् वाजते, आणि डाळींना आडवी, मध्ये पीळ असलेली. उरलेल्या पंधरांना एकच साधी दांडीची मूठ, 96 मिलिमीटरची. सगळे पितळी, सगळे लॅकरविना, म्हणजे काही महिन्यांत रंग एकसारखा मंद होईल. डोळ्यांच्या पक्षाला एवढे मिळाले. सख्खी नव्हेत, पण चुलत भावंडे वाटावीत. आणि सगळ्या मुठी जमिनीपासून एकाच उंचीवर, एका ओळीत, कारण हात शोधतो तो आधी जागा आणि मग आकार. ही शेवटची सूचना मिस्त्रींची. वरच्या कपाटांनाही त्यांनीच मुठी अगदी खालच्या कोपऱ्यात बसवल्या, म्हणजे हात ओट्याच्या भिंतीवरून वर सरकला की आपोआप तेथे पोचतो.

बिजागऱ्यांचा मुद्दा उरला होता. तो सोपा वाटला, पण निघाला नाही. हल्ली दारांना आतून बसणाऱ्या कटोरीच्या बिजागऱ्या लावतात, पस्तीस मिलिमीटरचे गोल भोक पाडून. त्यांत दार हळुवार, आवाज न करता मिटणारा एक प्रकार मिळतो, आणि तोच उत्तम समजला जातो. आईंनी दुकानातल्या नमुन्याचे दार ढकलले आणि वाट पाहत राहिल्या. "लागलं का?" लागले होते. त्यांना ते कळले नव्हते. वरचे दार उघडे राहणे म्हणजे कपाळाला खोक. दार लागले हे कानाने कळणे त्यांच्या सुरक्षिततेचा भाग होता. पण साधी, सैल बिजागरी लावली तर दार अर्धवट उघडे राहण्याचा धोका. शेवटी मधला प्रकार घेतला: स्प्रिंगने स्वतः ओढून घेणारी, पण वेग आवरणारा दट्ट्या नसलेली. दार शेवटच्या चार बोटांत स्वतःहून खेचले जाते आणि खट् वाजते. दुकानदाराने ती स्वस्तातली म्हणून काऊंटरखाली ठेवली होती. एवढ्या खर्चाच्या कामात आम्ही ती मागतो याचे त्याला वाईट वाटले असावे. त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

मिस्त्रींचे समाधान मात्र झाले नव्हते. मुठी लावून झाल्यावर त्यांनी मागे सरून सगळ्या ओळीकडे पाहिले आणि म्हणाले, "सर, लोक म्हणतील मिस्त्रीनं उरलंसुरलं सामान लावलं." त्यांची व्यथा खरी होती. चाळीस वर्षे ज्या सफाईसाठी हात घासला ती सफाई येथे आम्ही मागितली नव्हती. मग त्यांनी आईंना ओट्यापाशी आणले, "आजी, बघा" म्हणाले, आणि स्वतः डोळे मिटून शेजारी उभे राहिले. दोघांनी ओळीने हात फिरवला. मिस्त्री तिसऱ्या दारापाशी चुकले. आई चुकल्या नाहीत. लॅमिनेटचा वास अजून गेला नव्हता आणि डबे अद्याप खोक्यांतच होते.

डबे लावल्यावर सराव व्हायला तीन आठवडे गेले. पहिल्या दोन दिवसांत चहात एकदा मीठ पडले. (मीठ दांडीच्या मुठीमागे होते; ते आता ओट्यावरच्या बरणीत आहे.) नंतर पहाटे पाचला आम्ही अंथरुणातून ऐकू लागलो: कडीचा टक्, पाठोपाठ दाराचा खट्, पुन्हा खट्. त्यांवरून आई कुठवर आल्या हे आम्हांलाही कळते.

एक दार मागाहून बदलावे लागले, सिंकखालचे. तेथे फिनेल आणि अॅसिडच्या बाटल्या असतात. दांडीच्या मुठीमुळे ते इतरांसारखेच लागते, हे आईंना पसंत नव्हते; "त्याला हात लावल्यावर हात मागे आला पाहिजे," असे त्या म्हणाल्या. जुन्या बाजारातून एक लोखंडी, काळी, खरबरीत कडी आणली. कोयंड्यासकट ठोकली. उचलून, फिरवून काढल्याशिवाय ती निघत नाही. पितळी रांगेत ती अगदीच उपरी दिसते. परवा सौंदर्यशास्त्र शिकवणारे एक सहकारी जेवायला आले होते. त्यांनी सगळ्या मुठी निरखून पाहिल्या, त्या काळ्या कडीपाशी थबकले, आणि या एका विसंवादी घटकामुळे सगळी रचना कशी सावरली जाते ते आम्हांला समजावू लागले. आई आत पानावर बसल्या होत्या. तेथूनच म्हणाल्या, "फिनेल आहे त्यात. उघडू नका."